अकरा गुंजांचं शेत

शनिवारी सकाळी पुण्यात क्वार्टर गेटापाशी एका माणसानं मला विचारलं, “मास्तर कसे आहेत?” आणि मी म्हटलं, “बरे आहेत.” अब्बांना जाऊन त्या दिवशी बावीस दिवस झाले होते.

तो रस्त्याच्या पलीकडून हाक मारत आला होता. डोक्याला काळी टोपी, अंगात खाकी कोट, काखेत नकाशांची पत्र्याची नळी. “ताई, ओळखलं न्हाई ना? मी हौशीराम, कान्हे गावचा. लोणावळ्याला मास्तरांच्या वर्गात होतो. तुमी सुट्टीत घरी आलात की आमी दारातूनच मागं फिरायचो.” मग तो मास्तरांविषयी बोलला, मोजणी खात्यातल्या नोकरीविषयी बोलला, कुठल्या तरी साहेबाविषयी बोलून हसला. शेवटी म्हणाला, “आज साडेतीनच्या पॅसेंजरनं घरी चाललोय. मास्तरांना सांगा, एखाद्या रविवारी येतो म्हणावं.” मी म्हटलं, “सांगते.” म्हणजे मी दोनदा खोटं बोलले. तो गर्दीत दिसेनासा झाला आणि मी छत्री या हातातून त्या हातात घेत तिथंच उभी राहिले. डिसेंबरात छत्री कशाला घेतली होती, कोण जाणे. घरातून निघताना हाताला लागेल ते मी त्या दिवसांत उचलत होते.

हे दुःखामुळं झालं असं मला म्हणता येत नाही. डोळे भरून आले असते, बोलता आलं नसतं, तर ते कुणालाही समजलं असतं. मी तर अगदी सहज बोलले. पुण्यात अकरा वर्षं लोणावळ्याकडचं कुणी ना कुणी भेटायचं, मास्तरांची चौकशी करायचं आणि मी ‘बरे आहेत’ म्हणून पुढं चालायची. माझ्या डोक्याला कळलं होतं, हातापायांना कळलं होतं, पण जिभेला कुणी कळवलंच नव्हतं. आणि दुसरं, जे मला शाळेच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं ते असं, की ते दोन शब्द बोलताना मला बरं वाटलं होतं. त्या माणसापुरते अब्बा अजून लोणावळ्याच्या घरी, ओट्यावर, चष्मा कपाळावर चढवून बसलेले होते. तेवढ्या एका डोक्यात ते अजून होते, आणि तिथून त्यांना काढायचं काम माझ्याकडं आलं होतं.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. त्या दिवशी सकाळच्या शाळेत सहावीला समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ घेतलं. समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. सिद्धता मी फळ्यावर लिहिते ती आखलेल्या ओळींसारखी सरळ असते, त्याबद्दल इन्स्पेक्टरांनी एकदा शेराही दिला आहे. माझ्या वर्गात गोष्टी नसतात. नंदा नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, तिनं विचारलं, “बाई, असा चौकोन कुठं असतो?” मी म्हटलं, “पुस्तकात, पान एक्क्याऐंशी.” मुली हसल्या. नंदाही हसली, पण तिनं मान खाली घातली ती तासभर वर केली नाही. एरवी हे माझ्या ध्यानात राहिलं नसतं. त्या दिवशी मात्र हातातला खडू मला एकदम अनोळखी वाटला, दुसऱ्या कुणाचा तरी उचलून आणल्यासारखा.

अब्बा नवलाख उंबऱ्याचे. आजोबा गावचे मुलाणी. जत्रेतला बकरा कापायचा, पिराला दिवा लावायचा, सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं भात घ्यायचं. त्या घरातला मुलगा रोज तळेगावपर्यंत चालत जाऊन शिकला आणि पुढं लोणावळ्याच्या हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला, ‘मुलाणी मास्तर’. मला त्यांनी मुलांच्याच वर्गात बसवलं, कारण दुसरा वर्गच नव्हता. खिडकीशी माझं एकटीचं बाक. घरी अब्बा, वर्गात मास्तर, आणि वर्गात त्यांनी मला कधी इतरांपेक्षा सोपं उदाहरण घातलं नाही की अवघडही घातलं नाही. फक्त माझं उत्तर बरोबर आलं की ते खिडकीबाहेर बघायचे. आपल्या मुलीचं कौतुक चेहऱ्यावर दिसू नये म्हणून, हे अम्मानं मला पुढं सांगितलं. मी तेव्हा समजत होते की त्यांचं लक्ष नाही.

मी चौदा वर्षांची असताना तुंगार्लीच्या सरुबाईचा मामला झाला. सरुबाई विधवा. तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या, महिपतीच्या, वाटण्या झाल्या तेव्हा एका मोठ्या खाचराचे दोन तुकडे केले होते. महिपतीचा तुकडा चौरसासारखा, हिचा ओढ्याच्या वळणाला धरून चंद्रकोरीसारखा. आणि वाटणी झाली होती ती बांधावरून चालून. त्याच्या बांधाला दोनशे बारा पावलं, हिच्या बांधाला दोनशे बारा पावलं. आमच्याकडं भातशेतीत माणसाची कंबर मोडते ती बांध घालण्यात, दर वर्षी पावसानं फुटलेला बांध पुन्हा लिंपण्यात. शेत म्हणजे आधी बांध. त्यामुळं बांध सारखा तर शेत सारखं, यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं, खुद्द सरुबाईलाही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की शेत सारखं असून आपल्याला भात कमी का होतं? जाऊ म्हणायची, हिच्या हाताला यश नाही. सरुबाईचा नातू आमच्या वर्गात होता. त्यानं तोंडी गणिताच्या तासाला हे सहज सांगितलं, आजीच्या हाताला यश नाही म्हणून, आणि अब्बा बोलता बोलता थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतळीचं एक भेंडोळं आणलं, त्याची दोन्ही टोकं बांधली आणि टेबलावर गोल पसरून आत मूठमूठ भात ओतायला लावलं. मग तीच सुतळी दोन बोटांनी चेपून लांबट केली. आतलं भात सुतळीवरून बाहेर सांडायला लागलं, टेबलावरून खाली, आमच्या पायांवर. पोरं ओरडायला लागली. सुतळी तेवढीच होती. भात मावत नव्हतं, एवढंच. सरुबाईचा नातू उठून उभा राहिला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणाला, “म्हंजे आजीचा हात चांगलाय.” माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सिद्धता वाचल्या. त्यांतल्या फार थोड्यांच्या शेवटी असं वाक्य आहे.

मग रविवारी सारा वर्ग तुंगार्लीला गेला. दोरी ताणून दर पाच पावलांवर बांधापर्यंतचं अंतर मोजलं, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर दोन्ही खाचरं काढली, कापली, आणि ती दोन कापटं घेऊन आम्ही बाजारात नथू सोनाराच्या दुकानात शिरलो, तीस पोरं आणि मी. नथू सोनार म्हणाला, “मास्तर, आजवर सोनं तोललं, चांदी तोलली, एकदा एका म्हातारीचा दात तोलला. शेत पयल्यांदाच.” महिपतीचं शेत सोळा गुंजा भरलं आणि सरुबाईचं अकरा. लाल गुंजा, काळ्या डोक्याच्या. त्या मोजताना नथूचा आवाज मला अजून ऐकू येतो, तो प्रत्येक गुंजेला थोडा वर चढत होता. महिपतीला निरोप गेला तेव्हा तो शाळेत येऊन गरजला, “पुस्तकातलं पुस्तकात ठेवा, मास्तर! शेत काय कागुद हाय?” आणि वर्षभरानं तोच पुन्हा आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, “कापा अजून एक कागुद. बांध किती सरकवू ते सांगा. घरात बायकू जेवायला वाढंना.” अब्बांनी सोळा गुंजांच्या पुठ्ठ्याची कडेची पट्टी कात्रीनं थोडी थोडी कापून दुसऱ्या पारड्यात टाकली, दांडी सरळ होईपर्यंत. त्या पट्टीएवढा बांध सरकला. मी हे सगळं पाहिलं होतं. हे पाहिलेल्या मुलीनं पुढं जे केलं ते मी आता लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुण्याला कॉलेजात पहिल्याच वर्षी प्रोफेसरांनी फळ्यावर एक वक्ररेषा काढली आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ कसं काढाल असं विचारलं. मी हात वर केला. म्हटलं, “पुठ्ठ्यावर कापून तोलायचं.” वर्ग हसला तो हसतच राहिला. प्रोफेसर वाईट नव्हते. ते म्हणाले, “बाई, परीक्षेला येताना तराजू आणू नका म्हणजे झालं.” पण माझ्या कानशिलांत त्या दिवशी जी ऊब चढली ती दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत उतरली नाही. घरी आले. अब्बा अंगणात सायकल उलटी करून तिच्या चेनला तेल घालत होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “अब्बा, तुम्ही आम्हाला गणित शिकवलंच नाहीत. आमच्यासमोर खेळ केलेत.”

त्यांनी चाक फिरवून पाहिलं. म्हणाले, “असं?” मग हात पुसून विचारलं, “प्रोफेसर कसं करतात?” मी पाटीवर दाखवलं, रागारागानंच. वक्ररेषेखाली उभ्या पट्ट्या, मग त्याहून बारीक, मग त्याहून. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. “ही पट्टी किती बारीक करायची?” “शून्याजवळ जाईपर्यंत.” “इतकी बारीक कात्रीला जमायची नाही,” ते म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. त्यांनी पाटी घेतली आणि ते आत गेले.

त्याआधी त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक उदाहरण असायचं. घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, तर खंडाळ्याच्या स्टेशनात उभं राहिलेलं माणूस कर्जतच्या माणसापेक्षा किती उंच, असलं काही. त्या दिवाळीनंतर पत्रांतली उदाहरणं बंद झाली. हवा, अम्माचा खोकला, दारातल्या फणसाला आलेली फळं. दोनेक वर्षांनी अम्मा बोलता बोलता म्हणाली, “आता नाही नेत पोरांना कुठं बाहेर. गुडघे धरतात.” मी मान हलवली. गुडघे नव्हते धरत, मला ठाऊक होतं. माझ्या त्या एका वाक्यानं एका चांगल्या शिक्षकाचा हात धरून त्याला थांबवलं होतं. माझ्यामुळंच थांबलात का, असं विचारायचं मी दर सुट्टीत ठरवायची. शेवटचे तीन दिवस ते तापात होते तेव्हाही उशाशी बसून ठरवलं होतं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांना पाणी हवं का, एवढंच विचारलं.

दोन वाजता मी खोलीवर आले आणि तीन वाजता स्टेशनवर होते. हौशीरामला खरं सांगायचं, त्यासाठी आले असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण तिकिटाच्या खिडकीशी उभी असताना दुसरं काही माझ्या आत सरकलं. हा मुलगा माझ्यानंतरचा. माझ्या त्या वाक्यानंतरच्या वर्गात बसलेला. अब्बा गेले म्हणजे मला आता कधीच कळणार नाही असं मी बावीस दिवस धरून चालले होते, आणि कळण्याची एक वाट पत्र्याची नळी काखेत मारून आज माझ्याशी बोलून गेली होती. मी लोणावळ्याचं तिकीट काढलं.

तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी बसला होता. मला पाहून ताडकन उठला. “ताई, तुमी! बसा, हितं बसा. लोणावळ्याला? मग तर रविवारची वाटच बघायला नको, आजच सांगा मास्तरांना.” समोर एक म्हातारी मांडीवर वेताची रिकामी पाटी घेऊन बसली होती, तिनं पाय आखडून मला जागा दिली आणि आपण होऊन सांगितलं, की मी झुंबरबाई, वडगावची, पावटा विकून आले, आन् पुण्याच्या बायकांना पावट्यातलं काय बी कळत न्हाई. गाडी सुटली. मी तोंड उघडलं. हौशीराम बोलत होता. मास्तर असं म्हणतात, मास्तर तसं म्हणतात. म्हणतात, म्हणायचे नाही. खडकी गेली, चिंचवड गेलं. मी दर स्टेशनला सांगायचं ठरवत होते आणि दर स्टेशनला गाडी सुटत होती. आणि हे मला लपवायचं नाही, की मी त्याच्या त्या बोलण्यापाशी हात शेकत बसले होते. तो बोलत होता तोवर अब्बांची क्रियापदं चालू होती.

देहूरोडच्या पुढं मी विचारलं, “तुमच्या वेळी मास्तर पोरांना बाहेर न्यायचे? शेतावर, मोजायला?”

“न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या येळंला कुटंच न्हाई.”

बस्स. अकरा वर्षं जे धरून होते ते कुणी तरी एका शब्दात हातावर ठेवलं. खिडकीबाहेर खाचरं कापून मोकळी पडली होती, बांधांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या आणि त्या सगळ्या मागं पळत होत्या. मला आठवतं, मी झुंबरबाईच्या पाटीच्या विणीकडं बघत होते, एक काडी वर, एक काडी खाली.

“बाहेर जायला सवड कुटं व्हती?” हौशीराम म्हणाला. “पट्ट्या पाडण्यात जन्म गेला आमचा.”

“कसल्या पट्ट्या?”

“शेताच्या! आता बगा.” तो सरसावून बसला. “सुट्टीत जो तो आपापल्या घरचं शेत मोजून पुठ्ठ्यावर काढून आणायचा. मग मास्तर म्हणायचे, पाडा उभ्या पट्ट्या, इंचाच्या. एकेक पट्टी मोजा, बेरीज करा. झालं? आता अर्ध्या इंचाच्या पाडा. आता पाव इंचाच्या. बेरीज हलतीय ती बगा, कुटं जाऊन थांबती ते बगा. हाताला घट्टे पडायचे ताई, खोटं न्हाई सांगत. आन् सगळं झाल्यावर मग तराजू. नथू सोनारानं जुना तराजू दिला व्हता वर्गाला. आदी आकडा फळ्यावर लिहायचा, मंग शेत पारड्यात टाकायचं.”

“शेत पारड्यात?” झुंबरबाई म्हणाली. “आन् बैल कुटं बांधायचं, काट्याला?”

“मावशी, पुठ्ठ्याचं शेत.”

“तेच म्हंते. पुठ्ठ्याचं शेत, कागदाचा भात. म्हनूनशानी तुजा कोट ढिला व्हतोय.”

हौशीराम हसला, पण त्याला माझ्याशीच बोलायचं होतं. “आमी म्हणायचो, मास्तर, सरळ तोला की, पट्ट्यांचा जाच कशाला? तर म्हणायचे, तोलून किती ते कळतं. का, ते कळायला पुण्याची रीत लागती.”

“पुण्याची रीत?”

“त्यांचाच शब्द. पट्ट्यांना पुण्याची रीत म्हणतात ते. पुण्यात कुणी एक माणूस हाय म्हणं, त्यानं मास्तरांना तोंडावर सांगितलं की तुमी शिकवताय त्ये अर्धंच हाय. दर वर्षी पयल्या दिवशी आमाला सांगायचे. म्हणायचे, वीस वर्षं मी पोरांना अर्धं शिकवून घरी पाठवलं, त्यांच्या घरी जाऊन उरलेलं अर्धं द्यायला पायजे.”

मी खिडकीच्या गजाला हात लावला. गज गार होता. “रागानं सांगायचे?”

“राग?” त्याला प्रश्नच कळला नाही. “जत्रंत फेटा मिळाल्यावानी सांगायचे. ती पट्ट्यांची युक्ती त्यांना आदी नीट येत नव्हती, तेबी सांगायचे. दोन वर्षं घरी पाटीवर घोटली म्हणं. आमी मातुर त्या पुण्याच्या माणसाला लय शिव्या घातल्या. रोज. पाव इंचाच्या पट्ट्या पाडताना तर त्याचं सात पिढ्यांचं वाटोळं केलं.”

तळेगाव आलं आणि गेलं. नवलाख उंबऱ्याकडचे डोंगर उजवीकडं पिवळ्या उन्हात होते. मी रडत नव्हते. आतल्या आत काही तरी जागा बदलत होतं, जड सामान हलवताना होतं तसं, हळू आणि आवाज न करता. मी त्यांचा हात धरला नव्हता. मी रागानं एक वाक्य फेकलं होतं आणि त्यांनी ते एखाद्या मुलानं काढलेल्या चुकीसारखं घेतलं, तपासलं, बरोबर निघालं म्हणून मान्य केलं. त्यातला राग त्यांनी बाजूला काढून ठेवला, पुठ्ठा कापल्यावर उरलेल्या कापटासारखा. मला का सांगितलं नाही? पत्रांतली उदाहरणं का थांबवली? कदाचित स्वतःला नीट येईपर्यंत माझ्यासमोर यायचं नसेल, आणि नीट आल्यावर सांगायचं राहिलं असेल. हे मला आता कळणार नाही. पण ते मला विचारायला हवं होतं ही टोचणी आणि त्यांना दुखावलं ही टोचणी, या दोन वेगळ्या होत्या हे मला तळेगाव आणि वडगावच्या मध्ये कळलं, आणि त्यांतली दुसरी मी खाली ठेवू शकत होते. मला इतकं हलकं वाटलं की त्याची भीती वाटली. ज्यांनी मला हे दिलं ते हयात नव्हते, आणि ज्यानं ते आणून पोचवलं त्याला मी फसवत होते.

वडगावच्या अलीकडं गाडी मंद झाली. इथं उतरून तो पायी कान्ह्याला जायचा होता. झुंबरबाईनं पाटी उचलली. हौशीराम उठला, नळी काखेत घेतली, टोपी सारखी केली. “मग ताई, मास्तरांना...”

“हौशीराम, मास्तर वारले,” मी म्हटलं. “बावीस दिवस झाले. सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि आत्ताही इतका वेळ गप्प बसले.”

गाडी उभी राहिली. तो उभाच होता. लोक त्याच्या अंगावरून उतरत होते, एकानं त्याला ढकललं तरी तो हलला नाही. झुंबरबाई दारापर्यंत गेली होती ती वळली. “अगं पोरी,” ती म्हणाली, “एवढा येळ तू...” तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, परत आली, हौशीरामच्या काखेतून ती नळी काढून तिनं बाकावर ठेवली आणि त्याला दंडाला धरून बसवलं. “बस. बस हितं,” म्हणाली आणि उतरून गेली.

गाडी सुटली तरी तो बसूनच होता.

“तुमचं गाव,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या.” त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मग म्हणाला, “कुटं ठेवलंय मास्तरांना?”

“लोणावळ्यालाच. मी पाहिलेलं नाही. आमच्यात बायका मातीला जात नाहीत. माझा चुलतभाऊ, इकबाल, तो दाखवेल तुम्हाला. मी कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत येईन.”

त्यानं मान हलवली. मला वाटलं आता तो विचारेल, का खोटं बोललात. त्यानं विचारलं नाही. मग मीच म्हटलं, “आणखी एक सांगायचं आहे. ते पुण्याचं माणूस. ती मी.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे लाल झाले होते. बघता बघता त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “अरारा,” तो म्हणाला. “सात पिढ्या म्हंजे त्यात मास्तरबी आले की.”

आणि मी हसले. गाडीच्या आवाजात, तोंडावर पदर धरून, बावीस दिवसांत पहिल्यांदा. तोही हसत होता आणि त्याच हातानं डोळे पुसत होता. दोघांनाही ते थांबवता येईना.

कान्ह्याची शीव लागली. सवयीनंच त्याचं बोट खिडकीबाहेर गेलं. “ते आमचं. त्या चिंचेच्या अंगाला, वाकडं हाय ते.” ऊन तिरपं झालं होतं, त्यामुळं प्रत्येक बांधाला सावलीची एक कड आली होती. ओढ्याच्या बाजूनं फुगलेलं, रुळांच्या बाजूनं जवळजवळ सरळ असं एक खाचर होतं ते. सोमवारी नंदाला काय सांगायचं ते मला तिथं दिसत होतं.

“केवढं आहे?” मी विचारलं.

“मी न्हाई सांगणार,” हौशीराम म्हणाला. “तुमी काढा.”

गाडी वळणाला लागायला थोडाच वेळ होता. मी रुळांची बाजू पाया धरली आणि चिंचेकडून पहिली उभी पट्टी पाडली. मग दुसरी. तिसरी ओढ्याच्या फुगवट्यावर आली तेव्हा तिची वरची कड तिरपी झाली, पान एक्क्याऐंशीवरच्या चौकोनासारखी, आणि मी ती पट्टी मधोमध दुभागली.